लुगडं नेसून हावूवर

महानंदाक्काला राग यायला कारण लागत नाही, असं तिचा नवरा वासुदेव म्हणतो. हे खोटं आहे. कारण लागतं, फक्त ते तिला इतरांपेक्षा लवकर सापडतं. घराजवळच्या, के. आर. पुरमच्या बसस्टॉपवर कुणी रांग मोडून पुढं घुसलं, की ती त्याला आधी कन्नडात झापते, ऐकलं नाही तर हिंदीत, आणि तरीही ऐकलं नाही तर माहेरच्या, निपाणीच्या मराठीत. तिसऱ्या भाषेपर्यंत सहसा कुणी टिकत नाही.

रांग सांभाळणं हेच तिचं काम. शहराबाहेर आनेकलच्या बाजूला एक मोठं अम्यूजमेंट पार्क आहे, तिथल्या रोलर कोस्टरच्या फाटकावर ती उभी असायची. वासुदेवचा कारखाना धापा टाकायला लागला तेव्हा ती या नोकरीला लागली आणि तिथंच निवृत्तीला आली. कोस्टरला एक झकपक इंग्रजी नाव होतं, ते फक्त तिकिटावर. कामगार त्याला हावू म्हणायचे, म्हणजे कन्नडात साप. निळ्या रुळांचा तो साप साखळीच्या खडखडाटात वर चढायचा, टोकाला जाऊन घटकाभर दम खायचा आणि मग माणसांसकट स्वतःला खाली झोकून द्यायचा. वरून आनेकलची तळी दिसतात, असं बसून आलेले सांगायचे. महानंदाक्काला त्यांच्या शब्दावर विश्वास ठेवावा लागायचा, कारण ती कधी बसलीच नव्हती.

बसणार कशी? साडी नेसलेल्या बाईला हावूवर प्रवेश नव्हता. पदर वाऱ्यावर उडतो, चाकाशी जाऊ शकतो, म्हणून हा नियम. तो बायकांना सांगायचं काम महानंदाक्काचं, आणि फाटकावरच्या बायकांना कंपनीनं गणवेश दिला होता हिरव्या साडीचा. ज्यानं कुणी हे ठरवलं त्याच्या डोक्याला नमस्कार. पुढं नव्या मुलींना पँट-शर्ट आले, पण जुन्या बायकांची साडी तशीच राहिली. संध्याकाळी गर्दी ओसरली की पुरुष कामगार गंमत म्हणून एक फेरी मारून घ्यायचे. महानंदाक्का म्हणायची, मला काय करायचंय त्या सापावर बसून. एरवी दुसऱ्याचं न खपणारं खोटं ती इथं बिनदिक्कत बोलायची, आणि सगळे ते खरं धरायचे.

नियम मात्र तिला पटलेला होता. पटलेली गोष्ट ती कुणाच्या बापाला घाबरून सोडत नसे. एका आमदाराची बायको तिनं फाटकावरून परत पाठवली होती. "सीरे बेडा अक्का. साडी नहीं चलेगा मैडम. साडी चालायची न्हाई बाई." तीन भाषा, एकच सूर. नवीन लागलेल्या आनेकलच्या कावेरीला तिनं हेच पहिल्या दिवशी शिकवलं होतं. समोर कोण आहे ते बघायचं नाही, काय नेसलंय ते बघायचं.

रांग लांबली की लोक कुरकुरतात, म्हणून कंपनीनं रांगेच्या कडेला कोस्टरच्या इतिहासाचे फलक लावले होते. ते कुणी वाचत नसे, म्हणून महानंदाक्का सांगत असे. रशियात म्हणे हिवाळ्यात लाकडी टेकाडं उभी करायचे, त्यांवर पाणी ओतून बर्फ जमवायचे आणि वरून घसरत यायचे. तिथल्या राणीलाही तो नाद लागला, आणि उन्हाळ्यात बर्फ मिळेना म्हणून घसरगाड्यांना चाकं लावून घेतली. मग अमेरिका. तिथं डोंगरातल्या खाणीतला कोळसा गाड्यांत भरून उतारावरून सोडून द्यायचे, आणि रिकाम्या गाड्या वर ओढून न्यायला खेचरं. ती खेचरंही खाली येताना गाडीत बसून यायची. "खेचरं बसली बगा आधी," महानंदाक्का सांगायची, "मग माणसाला वाटलं, आपण का नको? मग पैसे देऊन माणसं बसाय लागली." रांग हसायची आणि दोन पावलं पुढं सरकायची.

शेवटच्या फलकावर एक जुना फोटो होता. अमेरिकेतल्या समुद्रकाठच्या जत्रेतला कोस्टर, आणि त्यावर बसलेल्या बायका. घोट्यापर्यंत घोळदार झगे, डोक्यावर पंखांच्या टोप्या. हा फोटो महानंदाक्कानं रोज बघितला आणि तरी इतकी वर्षं नीट बघितला नाही. नीट बघायला लावलं ते अथणीकडच्या एका म्हातारीनं.

ती नातवंडांबरोबर आली होती. अंगानं ताठ, डोक्याचे केस पांढरे, आणि नेसणं काष्ट्याचं. महानंदाक्कानं सवयीनं हात आडवा केला, "साडी चालायची न्हाई." म्हातारी म्हणाली, "का गं?" "पदर उडतोय." म्हातारीनं खाली बघितलं, मागं वळून दाखवलं, पुन्हा पुढं झाली. पदर कमरेला गच्च खोचलेला, कासोटा मागं आवळलेला. "कुठं उडायलाय, दाखीव की मला. या लुगड्यात मी विहिरीत उतरलेय, चिंचेवर चढलेय. तुझ्या ह्या गाडीत बसाय काय झालंय?" महानंदाक्कानं पुन्हा एकदा तो कासोटा बघितला. आणि तरीही तिनं म्हातारीला बाजूला काढलं. नातवंडं बसली, आजी कठड्याला धरून वर बघत राहिली.

त्या दिवसापासून तिच्या डोक्यात भुंगा शिरला. घोळदार झग्यांतल्या बायकांचा तो फोटो तिनं आता नीट बघितला, त्या चालतात तर कासोट्यातली म्हातारी का नको? तिची आई अंबूबाई निपाणीला तंबाखूच्या वखारीत राबायची, तीही असंच इरकली लुगडं काष्ट्यानं नेसून. पोती उचलायची, ढिगावर चढायची, संपात पोलिसांच्या पुढं पळायची. त्या लुगड्याचं टोक कधी कशात अडकलेलं महानंदाक्कानं बघितलं नव्हतं. म्हणजे नियम होता सुट्या पदराचा, आणि फाटकावर अडवलं जात होतं ते साडी नेसणाऱ्या प्रत्येक बाईला. आणि अडवणारी आपण. संताप आला तिला, आणि या वेळी तो ओतायला समोर बसस्टॉपवरचा कुणी नव्हता.

त्यातच बातमी आली. हावू म्हातारा झाला होता, सुट्टीचा मोसम संपला की तो पाडून परदेशी बनावटीचा नवा कोस्टर उभा करायचा होता. महानंदाक्काची निवृत्तीही त्याच वेळेला. म्हणजे इतकी वर्षं ज्याच्या पायथ्याशी उभं राहून काढली, तो ती एकदाही न बसता भंगारात जाणार. आणि आत्ता नियम बदलला नाही, तर नव्या कोस्टरच्या फलकावर तोच उतरणार. ती सरळ निहारकडं गेली.

निहार हा सुरक्षेचा मॅनेजर, पुण्याहून आलेला. मराठी बोलायला मिळतं म्हणून तो तिला काकू म्हणायचा आणि डब्यातली शेंगदाण्याची चटणी मागून खायचा. तिनं सगळं सांगितल्यावर तो म्हणाला, "काकू, लॉजिक कळतंय मला. पण पॉलिसी म्हणजे पॉलिसी. गेटवरच्या माणसानं प्रत्येकीचं ड्रेपिंग तपासत बसायचं का?"

"मुलांची उंची तपासतोयच की."

"आणि तो फोटो दाखवू नका मला. त्या बायका सायकलच्या स्पीडनं जायच्या. हावू कुठं, ते कुठं." मग त्याला काहीतरी सुचलं आणि त्याचा चेहरा उजळला. "असं करू. तुमच्या फेअरवेलला, पार्क बंद झाल्यावर, तुम्हाला एकटीला राइड. मी ट्रॅक पँट मागवतो. मस्त व्हिडिओ करू, सगळीकडं व्हायरल होईल."

पोरगं मनापासून बोलत होतं, म्हणून तिनं आवाज चढवला नाही. "मला एकटीला नको. पार्क बंद झाल्यावर नको. आणि पँटीत तर न्हाईच न्हाई. मी साडीत उभी ऱ्हायले, साडीतल्या बायकांना परत धाडलं. आता बसणार तर लुगड्यात, आणि रांगेतनं."

"मग नाही बसता येणार, काकू."

"बगू की," ती म्हणाली.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी ती चिकपेटच्या कापडबाजारात गेली. दुकानदारानं नऊवारी म्हटल्यावर आधी तमिळ लग्नातल्या रेशमी साड्यांचा ढीग घातला. तिनं तो ढकलून दिला. चार दुकानं पालथी घातल्यावर इलकलची, म्हणजेच इरकली, सुती नऊवारी मिळाली, काळपट जांभळी, लाल पदराची, आईच्या लुगड्याच्या रंगाच्या जवळ जाणारी. घरी आणून नेसायला घेतली तर जमेना. आईला रोज नेसताना बघितलं होतं, पण स्वतः लग्न झाल्यापासून पाचवारीच. आधी निऱ्या सुटल्या, मग कासोटा पोटरीशी लोंबला. वासुदेव निऱ्या धरून उभा राहिला आणि न राहवून म्हणाला, "या वयात हे काय काढलंस? बीपीचं काय?"

"बीपी तुमाला हाय. निऱ्या धरा."

त्यानं निऱ्या धरल्या. कितीदा तरी सोडून नेसल्यावर एकदा नेसणं असं बसलं, की ती खोलीभर उकिडवी चालली, खुर्चीवर चढली आणि उतरली. दुसऱ्या दिवशी वासुदेव तिला बसस्टॉपवर सोडायला आला. हे त्यानं आयुष्यात कधी केलेलं नव्हतं.

रविवार, हावूचा शेवटचा दिवस. पार्क माणसांनी फुटलं होतं. महानंदाक्का तिकीट काढून, इरकली लुगडं नेसून, इतर लोकांमागं रांगेत उभी राहिली. आज तिची सुट्टी होती, म्हणून फाटकावर कावेरी. रांग सरकत सरकत पुढं आली आणि कावेरीनं डोळे वर केले. तिच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. मग तिनं हात आडवा केला.

"सीरे बेडा अक्का."

तोच सूर. महानंदाक्काला भयंकर राग आला, आणि त्याच क्षणी या पोरीचा अभिमानही वाटला. आपण शिकवलेलं हिनं आपल्यालाच ऐकवलं, तेही नजर न चुकवता. "माझा पदर बघ," ती कन्नडात म्हणाली. "सुटा आहे का? मागं बघ. काय लोंबतंय?"

कावेरीनं सगळीकडून बघितलं. "काही नाही लोंबत. पण नियम साडीचा आहे अक्का. तुम्हीच सांगितलंत, कोण आहे ते बघायचं नाही."

"मी अर्धंच सांगितलं. बोलाव निहारला."

मागची रांग कलकलायला लागली. काय झालं, का थांबलं. कुणीतरी म्हणालं आजी, बाजूला व्हा. तिनं वळून तिन्ही भाषांत एकदमच उत्तर दिलं, आणि रांग गप्प झाली. निहार धावत आला, तिला त्या वेषात बघून कपाळाला हात लावला.

"काकू, अहो मी नाही म्हटलं होतं ना?"

"तू म्हटलास, सायकलचा स्पीड येगळा. बरोबर हाय तुझं. मग आमच्या लुगड्याची परीक्षा तुझ्या स्पीडनं घे. सकाळी पाण्याचे बाहुले बसवून गाडी फिरवतोस न्हवं? एका बाहुल्याला नेसव हे. बोटभर जरी सुटलं तर मी घरी जाते, परत या विषयावर तोंड उघडायची न्हाई."

निहार पेचात सापडला. रोज सकाळी पाण्यानं भरलेले प्लॅस्टिकचे बाहुले बसवून फेरी मारल्याशिवाय माणसांना सोडायचं नाही, हा त्याचाच दंडक होता. चाचणीला नाही म्हणायला त्याची जीभ वळेना. बाजूच्या रांगेतल्या बायका आता पुढं सरकून ऐकत होत्या. "नेसवणार कोण?" त्यानं विचारलं.

"मी न्हाई तर काय तू?"

अडचण एकच होती, लुगडं एकच होतं. बायकांच्या खोलीत जाऊन तिनं ते सोडलं, आणि अंगावर चढवायला कपाटात काय होतं, तर निहारनं निरोप समारंभासाठी मागवून ठेवलेली ती ट्रॅक पँट आणि टी शर्ट. दात खाऊन तिनं ते घातलं. मग बाहुल्याला नेसवायला बसली. बाहुल्याला कंबर म्हणून नव्हती, सगळं गुळगुळीत. लुगडं सरसर घसरायला लागलं आणि पहिल्यांदाच तिला शंका आली. आपल्या अंगावर नीट बसलेलं नेसणं या प्लॅस्टिकवर सुटलं तर? सगळ्या गर्दीदेखत सुटेल, आणि मग कुणी बाई पुन्हा विचारणार नाही. तिनं कावेरीला आत बोलावलं, बाहुल्याच्या पोटात गुडघा रोवायला सांगितला आणि गाठ अशी आवळली की प्लॅस्टिक कुरकुरलं. मग निऱ्या, मग कासोटा, मग पदर कमरेभोवती फिरवून आत.

नेसलेला बाहुला खुर्चीत बसवल्यावर गर्दीत हशा पिकला. निहारही हसला, आणि महानंदाक्काकडं बघून हळूच म्हणाला, "काकू, आता पँट घातलीच आहे. पटकन बसा पुढच्या गाडीत, मी काही बोलणार नाही. बाहुल्याचं सुटलं तर ही राइडही जाईल तुमची."

हावू समोर होता. उद्या नसणार होता. पायात पँट होती, फाटक उघडं होतं, आणि बस म्हणणारा स्वतः मॅनेजर होता. तिला बसावंसं वाटलं, इतकं वाटलं की तिनं कठड्याची नळी धरली. मग ती म्हणाली, "न्हाई."

गाडी सुटली. साखळीच्या खडखडाटात तो लुगड्यातला बाहुला एकटाच वर चढत गेला, टोकाला थांबला आणि खाली कोसळला. पहिला उतार, मग गिरकी, मग डोकं खाली. जांभळा रंग निळ्या रुळांवरून सुसाट गेला. महानंदाक्काच्या नजरेला लाल पदराचं टोक कुठं बाहेर दिसतंय का, एवढंच सुचत होतं. गाडी फाटकाशी येऊन थांबली.

निहार पुढं झाला आणि मागं सरला. लुगड्याला हात कसा लावायचा, बाहुला असला म्हणून काय झालं. त्यानं कावेरीला खूण केली. कावेरीनं दया दाखवली नाही. तिनं कासोटा धरून ओढला, पदराचं टोक उचकटून बघितलं, निऱ्यांत बोटं घालून हिसका दिला. हावूनं सोडलं नाही ते ती सोडवू बघत होती. शेवटी कमरेवर हात ठेवून ती उभी राहिली.

"सुटत नाही," ती म्हणाली.

गर्दीनं टाळ्या पिटल्या. निहारनं फोन काढला, वरच्या साहेबांशी बराच वेळ इंग्रजीत बोलला, मध्येच त्याचा आवाज चढला, आणि फोन खिशात टाकून तो आला. "आजच्यापुरतं चालेल म्हणतायत."

"आजच्यापुरतं नको मला."

"अहो, ऐका तरी. आजच्यापुरतं हे ते म्हणाले. मी म्हटलं, कासोटा असेल, पदर आत असेल आणि गेटवरच्या बाईनं ओढून बघितलं असेल तर बसू द्यायचं. नव्या कोस्टरवरसुद्धा आधी बाहुल्याला नेसवून टेस्ट घेऊ, पास झाली तर तिथंही हाच नियम. मी सही करतोय त्याच्यावर. माझी नोकरी गेली तर चटणी तुम्ही पुरवायची."

"पुरवीन की," ती म्हणाली. तिला रडू येत होतं, आणि ते कुणाला दिसू नये म्हणून ती खोलीत गेली, पँट काढून फेकली आणि लुगडं नेसून बाहेर आली. कावेरीनं तिचाही कासोटा तेवढ्याच निर्दयपणे ओढून बघितला.

लोखंडी दांडा मांडीवर उतरला. शेजारी कॉलेजातली एक अनोळखी मुलगी बसली होती, ती हसली. गाडी चढायला लागली आणि महानंदाक्काला भीती वाटली. खरीखुरी भीती. पायथ्याशी उभं राहून हे कधी कळलं नव्हतं, की चढताना समोर फक्त आकाश उरतं आणि आता उतरवा म्हणायची सोय नसते. टोकाला आनेकलची तळी दिसली, एक, दोन, आणि लांबवर तिसरं चकाकणारं. बसून आलेले खोटं सांगत नव्हते. मग खालची जमीन एकदम वर आली.

ती किंचाळली नाही. निपाणीच्या वखारीत ऐकलेल्या, इतक्या वर्षांत ओठांवर न आलेल्या सगळ्या शिव्या तिनं एकेका वळणावर मोकळ्या केल्या. शेजारच्या मुलीला त्यातलं एक अक्षर कळलं नाही, पण तिनंही सूर धरला. डोकं खाली झालं तेव्हा महानंदाक्काला कळलं की आपण हसतोय. अंबूबाईची लेक उलटी टांगलेली आहे आणि अंगावरचं लुगडं जागच्या जागी आहे, एवढाच एक विचार डोक्यात होता आणि तो तिला फार फार आवडला.

गाडी थांबली. दांडा वर गेला. शेजारची मुलगी उतरली, मागचे उतरले. महानंदाक्का बसूनच होती, दोन्ही हातांनी खुर्ची धरून.

"अक्का, उतरा," कावेरी म्हणाली.

"अजून एकदा."

निहार घाईनं म्हणाला, "बसू दे, बसू दे. काकूंना काय, आज कितीही वेळा."

पण कावेरी फाटकातून हलली नाही. "पुन्हा बसायचं असेल तर पुन्हा रांगेत यायचं," ती म्हणाली. "सगळ्यांसारखं."

महानंदाक्कानं तिच्याकडं टक लावून बघितलं. मग ती उठली. तिनं कासोटा चाचपला, आणि भरल्या गर्दीतून वाट काढत रांगेच्या अगदी शेवटी जाऊन उभी राहिली.